हुपरीचं मशीन आणि सुईच्या टोकाएवढं भोक

मशीन म्हणजे अल्ट्रासोनिक क्लीनर, कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींनी पाण्यात मळ काढणारं; सहा लिटरचं, ४० किलोहर्ट्‌झचं. टाकीखाली ६० वॅटचे तीन ट्रान्सड्यूसर (विजेचं कंपन करणारे भाग) आणि पाणी तापवायला वेगळा हीटर. मालक हुपरीचे, चांदीचा छोटा कारखाना. पैंजण, चाळ, जोडवी बफवरून (पॉलिशच्या चाकावरून) उतरली की नक्षीच्या खाचांत पॉलिशचा मळ बसतो, तो काढायला हे मशीन. मालकांनी ते गाडीवर मागे बांधून कोल्हापूरला आणलं आणि टेबलावर ठेवता ठेवताच म्हणाले, "मिस्त्री, परवापर्यंत पाणी कसं उकळल्यागत सळसळायचं. आता हीटर चालतोय, टायमरचे आकडे पळत्यात, पण पाणी गप."

आणखी दोन गोष्टी त्यांनी जाता जाता सांगितल्या. एक, हे मशीन याआधी दोनदा दुरुस्त झालंय, दोन्ही वेळा 'दोन ट्रान्झिस्टर बदलले' एवढंच सांगितलं गेलं, आणि दुसऱ्यांदा ते जेमतेम आठवडाभर चाललं. दुसरी, पोरं म्हणतात टाकीला हात लावला की मुंग्या येतात. पहिली गोष्ट मी वहीत लिहिली. दुसरीकडे कानाडोळा केला, आणि तो पुढे महागात पडला.

उघडल्यावर

खालचं झाकण काढलं तर फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा. आधीच्या माणसाने उडालेला फ्यूज बदलण्याऐवजी वायरीतली एक तार काढून पिळली होती. त्यामुळे तिसऱ्यांदा फॉल्ट आला तेव्हा त्याला अडवायला वाटेत काहीच नव्हतं. दोन्ही ट्रान्झिस्टर (विजेचे स्विच) कलेक्टर ते एमिटर शॉर्ट, म्हणजे आरपार जोडलेले, एकाची वरची टोपीच उडालेली, एका बेसचा (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या पायाचा) रेझिस्टर ओपन, म्हणजे आतून तुटलेला, शेजारची पट्टी जळून बोर्डावरून उचललेली.

या प्रकारच्या स्वस्त मशिनांत बोर्ड अगदी साधा असतो. मेन्सचे २३० व्होल्ट ब्रिज रेक्टिफायरमधून जातात, पण पुढे मोठा फिल्टर कपॅसिटर नसतो, मायक्रोफॅरॅडच्या आसपासचा एक छोटा फिल्म कपॅसिटर असतो. त्यामुळे व्होल्टेज सेकंदाला शंभर वेळा शून्याजवळ येतं आणि ३२५ पर्यंत चढतं. मशीन चालू असताना आपल्याला जो घूं-घूं आवाज ऐकू येतो तो या १०० हर्ट्‌झच्या चढउताराचा. ४० हजारांचा आवाज माणसाच्या कानाच्या पलीकडचा. पुढे १३००९ जातीचे दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालू-बंद होतात. त्यांना कधी चालू व्हायचं ते सांगायला वेगळी चिप नसते. ट्रान्सड्यूसरकडे जाणारा करंटच एका छोट्या रिंग ट्रान्सफॉर्मरमधून परत बेसला येतो. म्हणजे ट्रान्सड्यूसर ज्या तालावर डोलतो त्याच तालावर ट्रान्झिस्टर चालतात. बोर्ड स्वस्त पडतो तो याच युक्तीमुळे. पण ट्रान्सड्यूसरचा ताल चुकला की दोन्ही ट्रान्झिस्टर क्षणभर एकदम चालू होतात, आणि मग जे व्हायचं ते होतं.

हे मला ठाऊक होतं. म्हणून बोर्डाला हात लावायच्या आधी तिन्ही ट्रान्सड्यूसरच्या वायरी सोडवल्या आणि एकेक मोजला. या मापाच्या ट्रान्सड्यूसरची कपॅसिटी चार नॅनोफॅरॅडच्या आसपास असते. मला मिळाले ३.९, ३.८ आणि ४.१. मल्टिमीटरच्या मेगाओहम रेंजवर तिन्ही ओपन. ट्रान्सड्यूसरच्या सिरॅमिक रिंगांना तडा दिसेना, पिचलेली कड दिसेना. हाताने हलवून पाहिले, तिन्ही टाकीला घट्ट चिकटलेले. ट्रान्सड्यूसर ठीक, असा शेरा मी मारला. या प्रकरणातली माझी चूक हीच.

चौथी जोडी

नवे ट्रान्झिस्टर, दोन्ही बेसचे रेझिस्टर, स्नबरचे (व्होल्टेजचे झटके शोषणारे) कपॅसिटर, उचललेल्या पट्टीवर जाड तार, आणि योग्य फ्यूज. फिल्म कपॅसिटरही काढून मोजले, कारण वर्षानुवर्षं तापून त्यांची कपॅसिटी उतरते आणि ते वरून अगदी नवे दिसतात. हे बरे होते. हीट सिंकवरची अभ्रकाची चकती बदलली, नवी पेस्ट लावली.

पहिला सप्लाय १०० वॅटच्या सिरीज दिव्यातून. बोर्डात शॉर्ट राहिला असेल तर दिवा पूर्ण पेटतो आणि बोर्ड वाचतो. एवढ्या साध्या सवयीने जितके ट्रान्झिस्टर वाचतात तितके कुठल्याही महागड्या मीटरने वाचत नसतील. टाकीत पाणी भरूनच हे करायचं. कोरड्या टाकीवर अल्ट्रासोनिक चालवलं तर ताकद जायला जागा राहत नाही, ट्रान्सड्यूसर तापतो आणि चिकटवलेला इपॉक्सी सुटायला लागतो. दिवा अर्धवट लालसर झाला, टाकीतून ओळखीचा सळसळाट सुरू झाला. दिवा काढला, थेट सप्लाय दिला, पाण्यात साबणाचे चार थेंब टाकले, हीटर लावला. करंट क्लॅम्प मीटरवर पाऊण अँपिअरच्या आसपास, हीटर सोडून. पाण्यातली विरघळलेली हवा पहिल्या पाच-दहा मिनिटांत बुडबुडे होऊन निघून गेली, आवाज तासल्यासारखा तीक्ष्ण झाला. मी मालकांना फोन करायला मोबाईल हातात घेतला.

अकराव्या मिनिटाला खालून 'चट्‌' असा आवाज आला, पाठोपाठ फ्यूज गेला. या वेळी फ्यूज होता म्हणून एकच ट्रान्झिस्टर मेला.

सोबत एक वास आला. जळलेल्या बेकेलाइटचा नाही, जळलेल्या मिठाचा म्हणावा तसा, समुद्रकाठच्या वीजखांबाखाली पावसाळ्यात येतो तसा. वासावरून निदान करू नये हे खरं, पण मी झाकण पुन्हा काढून टॉर्च घेतला. मधल्या, म्हणजे दोन नंबरच्या ट्रान्सड्यूसरच्या रिंगच्या एका कडेला पांढरी खपली होती आणि खपलीतून केसाएवढी काळी रेघ वरच्या पत्र्यापासून खालच्या पत्र्यापर्यंत गेली होती.

मल्टिमीटरला का दिसलं नाही

हा ट्रान्सड्यूसर म्हणजे एक सँडविच. खाली स्टीलचा ठोकळा, टाकीच्या बाजूला ॲल्युमिनियमचा, मध्ये सिरॅमिकच्या दोन रिंगा, आणि सगळं मधोमध एका बोल्टने करकचून आवळलेलं. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लाँजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने स्टीलच्या पत्र्यांमध्ये क्वार्ट्‌झ बसवून हीच रचना केली होती, म्हणून आजही याला त्याच्या नावाने ओळखतात. क्वार्ट्‌झच्या जागी सिरॅमिक नंतर आलं. बोल्ट आवळलेला असतो कारण सिरॅमिकला दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून मागचा बोल्ट उगाच 'जरा घट्ट करून बघू' म्हणून कुणी हात लावू नये. आवळणं बदललं की ताल बदलतो.

काम चालू असताना या रिंगांवर कित्येकशे व्होल्ट येतात. मल्टिमीटर ओहमवर असताना देतो एक-दोन व्होल्ट. रिंगच्या कडेवरची ओलसर खारट रेघ एवढ्या कमी व्होल्टेजला ओपनच दिसते. त्यात मशीन माझ्याकडे चार दिवस कोरडं पडून होतं, खपली वाळलेली. कपॅसिटीही कशाला बिघडेल? सिरॅमिक शाबूत होतं, फक्त त्याच्या कडेवरून वीज उडी मारत होती.

मग ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) काढला, जो मी मोटारींशिवाय फारसा वापरत नाही. ट्रान्सड्यूसर बोर्डापासून पूर्ण सोडवलेले असतील तरच मेगर लावायचा, नाहीतर बोर्डाचा निकाल लागतो. एक नंबर आणि तीन नंबर: काटा थेट इन्फिनिटीवर. दोन नंबर: दोन मेगाओहम, आणि हँडल फिरवत राहिलो तसा आणखी खाली. मोजून झाल्यावर टोकं एकमेकांना शॉर्ट करायला विसरू नये, रिंगांत चार्ज राहतो आणि झटका देतो.

आता मुंग्यांची गोष्ट आठवली. केबल पाहिली तर तीन पिनी प्लगची मोठी पिन मोडलेली. अर्थिंगच नाही. चांदी धुणारी पोरं ओल्या हातांनी अर्थिंग नसलेल्या स्टीलच्या टाकीला दिवसभर हात लावत होती. प्लग त्याच क्षणी बदलला, आणि टाकीपासून अर्थ पिनपर्यंत कंटिन्युटीचा बीप ऐकल्याशिवाय पुढचं काम केलं नाही.

पाणी आलं कुठून

झाकणाच्या आत पाणी यायच्या नेहमीच्या वाटा तीन: वरच्या काठावरचं सिलिकॉन, निचऱ्याच्या नळाचा जॉइंट, आणि पुढच्या बटणांचं स्टिकर. तिन्ही कोरडे. खपली होती टाकीच्या बुडाच्या मधोमध, जिथे वरून वाहत यायला रस्ताच नाही.

टाकी आत टॉर्च तिरका धरून पाहिली. बुडाला तीन गोल धुरकट डाग, प्रत्येक ट्रान्सड्यूसरच्या बरोबर वर. हे जुन्या मशिनात असतातच. पाण्यातले सूक्ष्म बुडबुडे फुटतात तेव्हा दागिन्यावरचा मळ निघतो, तसाच टाकीचा पत्राही कणाकणाने झिजतो. पण मधला डाग खरखरीत लागत होता, नखाला अडकत होता. त्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका.

रात्रभर टाकी पाण्याने भरून खाली वर्तमानपत्र ठेवलं. सकाळी कागद कोरडा ठणठणीत. तरी ठिपक्यावरचा संशय जाईना. इतक्या बारीक भोकातून साधं गार पाणी जात नाही, पाण्याचं पृष्ठताणच ते अडवून धरतं. दुसऱ्या रात्री ६० अंशांचं पाणी, थोडा भांड्यांचा लिक्विड साबण आणि कपड्यांच्या निळीचे सात-आठ थेंब. पहाटे उठून पाहिलं: दोन नंबरच्या कडेला टिश्यूवर वाटाण्याएवढा निळा डाग. कुठलाही खास डाय आणावा लागला नाही. आमच्याकडे पाझरती टाकी शोधायला गवंडीसुद्धा नीळच वापरतात.

मालकांना फोन लावला. "दादा, टाकीत नेमकं काय काय घालता?"

"रिठ्याचं पाणी. कधी साबण."

"आणखी?"

जरा थांबून म्हणाले, "चांदी लई काळी आली तर मीठ आणि सोडा. खाली ॲल्युमिनियमची फॉइल अंथरायची, वर पैंजण. घरात करतात की तसंच."

उत्तर इथे मिळालं. घरच्या पातेल्यात ही युक्ती उत्तम चालते: चांदीवरचा काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, आणि खारट गरम पाण्यात ॲल्युमिनियमला चांदी टेकली की गंधक ॲल्युमिनियमकडे जातं, चांदी परत उजळते. स्टीलच्या टाकीत मात्र मीठ घातक. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही तो त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि मिठातलं क्लोराइड नेमकं त्याच थराला ठिकठिकाणी पोखरतं. तो थर एरवी फाटला तर हवेतल्या आणि पाण्यातल्या ऑक्सिजनने पुन्हा जमतो. इथे अल्ट्रासोनिक तो जमू देत नव्हतं, क्लोराइड खोदत होतं, पाणी ६० अंशांवर होतं, आणि बास्केट बाजूला ठेवून पैंजणं थेट बुडावर ओतली जात होती. पॉलिशचे कण तळाशी बसून पत्र्यावर खरवडत होते ते निराळंच. टाकीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर. आश्चर्य एवढंच की तो इतका टिकला.

दुरुस्ती

सोपा पर्याय होता: दोन नंबर तोडून टाकायचा, दोनवर मशीन चालवायचं. ओळखीच्या एका मिस्त्रीने तोच सुचवला. पण बोर्डावरची कॉइल तीन ट्रान्सड्यूसरच्या मिळून सुमारे पावणेबारा नॅनोफॅरॅडशी जुळवलेली असते. एक कमी केला तर कॉइलचा ताल वीसेक टक्क्यांनी वर सरकतो, तो उरलेल्या दोघांच्या तालाशी जुळत नाही, आणि पाचवी जोडी विकत आणायला निघावं लागतं. शिवाय भोक तिथेच राहिलं असतं.

दोन नंबर काढायला वीस मिनिटं लागली. टाकी कोरडी, ट्रान्सड्यूसरच्या दोन्ही वायरी एकमेकांना पिळलेल्या, कारण हे सिरॅमिक तापताना आणि निवतानाही व्होल्टेज तयार करतं. हॉट एअर गनने हळूहळू तापवलं. इपॉक्सी मऊ पडला तसा पाना ॲल्युमिनियमच्या पुढच्या भागाला धरून फिरवला. मागच्या स्टीलला धरून फिरवलं असतं तर आतला बोल्ट सैल झाला असता. बाहेर आल्यावर ती काळी रेघ घासून वॉर्निश मारावी असा मोह झाला, पैसे वाचले असते. पण खारट पाणी रिंग आणि पितळी पत्र्याच्या सांध्यात शिरलं होतं, ते तिथून निघालं असं मी छातीठोक सांगू शकलो नसतो. बाद केला.

टाकी घेऊन उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, गेलो. पहिल्या आर्गन वेल्डिंगवाल्याने बघूनच मान हलवली: "पातळ हाय, फुगंल." दुसऱ्याने खाली तांब्याची जाड पट्टी दाबून धरायला सांगितली, ती उष्णता ओढून घेते, आणि आतून एकच टिपका मारला, डोळ्याची पापणी लवते तेवढा. तीनशे रुपये घेतले. मी कमीच म्हणेन. तरीही पत्रा अर्ध्या मिलिमीटरएवढा खाली उतरलाच. ट्रान्सड्यूसरचा तोंडाचा भाग साधारण ४५ मिलिमीटर रुंद, आणि त्याच्याखाली इपॉक्सीचा थर कागदासारखा पातळ हवा. जाड थर पडला तर तो गादीसारखा हलतो आणि ताकद खातो. म्हणून लाकडी ठोकळ्यावर आधी १२० नंबरचा, मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर लावून बुडाची खालची बाजू सपाट करण्यात एक अख्खी दुपार गेली. या प्रकरणातलं सगळ्यात कंटाळवाणं काम तेच, आणि पुढे कळलं तसं, तिथेच थोडं कमी पडलं.

नवे ट्रान्सड्यूसर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन मागवले, निवड करता यावी म्हणून. कुरिअरसकट एक साडेआठशेला. सिग्नल जनरेटर आणि स्कोपवर (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहिलं: जुना ३९.७ किलोहर्ट्‌झला वाजत होता, नव्यांतला एक ३९.५, दुसरा ४०.४. पहिला घेतला. आणखी एक तपासणी बरेच जण करत नाहीत: रिंगांच्या ध्रुवांची दिशा. नव्याच्या मागच्या बाजूला बोटाने टिचकी मारली की स्कोपवर पहिला उठाव वर जातो की खाली, ते टाकीला चिकटलेल्या एक आणि तीन नंबरशी ताडून बघायचं. उलटा निघाला तर इतर दोघे ढकलताना तो ओढणार. हा जुळला.

दोन्ही पृष्ठं थिनरने पुसून, हात न लावता, दोन भागांचा संथ सुकणारा इपॉक्सी. पाच मिनिटांत सुकणारा इथे चालत नाही. स्टडवर (बुडाला जोडलेल्या आट्याच्या खुंटीवर) हाताने फिरवत बसवला, चारी बाजूंनी बारीक कड बाहेर आली तसा थांबलो. टाकी उलटी ठेवली आणि दोन दिवस तिकडे फिरकलो नाही.

चाचणी

मेगर तिन्ही ठिकाणी इन्फिनिटी. निळीचं पाणी पुन्हा एक रात्र, टिश्यू पांढरा. सिरीज दिवा, मग थेट. अकरावं मिनिट गेलं, मी घड्याळाकडेच बघत होतो. मग अर्धा तास, थांबून पुन्हा अर्धा तास. हीट सिंक गरम, पण बोट टिकत होतं.

शेवटची चाचणी स्वयंपाकघरातल्या फॉइलची. टाकीच्या लांबीएवढा तुकडा उभा धरून पाण्यात एक मिनिट सोडायचा, बुडाला टेकू न देता. बुडबुड्यांनी फॉइलला खळगे आणि भोकं पडतात, कुठे दाट कुठे विरळ, ते दिसतं. एक आणि तीन नंबरवर चाळणी झालेली. मध्ये खळगे होते, पण आरपार भोकं निम्मी. वेल्डिंगने पत्रा थोडा ताठ झाला आणि माझा सपाटपणा शंभर टक्के नव्हता. मालकांना तसंच दाखवलं. पैंजणाच्या कामाला पुरेसं आहे, बास्केट मध्येच हलवत राहा म्हटलं.

बिल दोन हजार नऊशे झालं, सोबत वेल्डची हमी नाही हे लिहून. वापराबद्दल तीनच गोष्टी सांगितल्या. माल कायम बास्केटमध्ये. टाकीत फक्त पाणी आणि साबण, रोज संध्याकाळी ओतून तळ पुसायचा. मीठ-सोड्याचं काम करायचंच असेल तर काचेच्या बीकरमध्ये करायचं आणि बीकर टाकीतल्या पाण्यात उभा ठेवायचा. लहरी काचेतून आत जातात, मीठ बाहेर येत नाही.

"आणि रिठा?" त्यांनी विचारलं.

रिठा गाळून घ्या, म्हटलं. सालींचे तुकडे तळाशी बसायला नकोत.

ती फॉइल मी फेकली नाही. तिच्यावर मार्करने तारीख घालून मालकांना दिली आणि महिन्याला एक नवी करून दोन्हींचा शेजारी शेजारी फोटो पाठवायला सांगितलं. मधल्या भागातली भोकं कमी होऊ लागली तर इपॉक्सी सुटतोय. तेव्हा मशीन बंद करून आणा, ट्रान्झिस्टर उडायची वाट बघू नका. पहिल्या महिन्याचा फोटो आला, फॉइल चहाच्या डागांसकट. मधली भोकं मी मोजली. पहिल्या फॉइलवर एकोणीस होती, यावर अठरा.